वेळ विचारून ठरवली, म्हणून सभागृह भरले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक महिला दिनानिमित्त कर्वेनगरमधील आमच्या महिला मंडळाने यंदा मार्चमधील दोन रविवारी व्याख्यान, जात्यावरच्या ओव्या आणि नृत्य असा कार्यक्रम केला. त्याविषयी लिहावेसे वाटते, कारण त्यात घेतलेला एक साधा निर्णय शहरातील इतर मंडळांनाही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

तो निर्णय होता वेळेचा. आजवर हा कार्यक्रम आठ मार्चलाच, सकाळी अकरा वाजता होत असे. त्या वेळी नोकरदार बायका कार्यालयात असतात, आणि पोळ्या, धुणीभांडी, झाडलोट करणाऱ्या बायका आमच्याच घरांत कामाला असतात. म्हणजे मी व्याख्यानाला बसू शकत होते ती माझ्या घरी दुसरी कोणी पोळ्या लाटत होती म्हणून. यंदा मंडळातील तिघी मागच्या वस्तीत जाऊन आधी विचारून आल्या. सकाळची कामे दोनपर्यंत आटोपतात आणि संध्याकाळची साडेपाचला सुरू होतात, तेव्हा रविवारी दुपारी अडीच ते पाच ठेवा, असे तिथल्या बायकांनी सांगितले. लहान मुलांना कुठे ठेवायचे, हा प्रश्नही तिथेच निघाला. मग गल्लीतील गणेश मंडळाच्या मुलांनी पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरून दोन्ही दिवस ती सांभाळली आणि चहाचेही तेच पाहत होते. खुर्च्या पुरल्या नाहीत. कितीतरी जणी खाली मांडी घालून बसल्या.

पहिल्या रविवारचे व्याख्यान पार्वतीबाई आठवले यांच्यावर होते. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर आला, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक असते. पण त्या आश्रमासाठी वर्गणी जमवत गावोगाव भाषणे देत फिरलेल्या पार्वतीबाई फारशा कोणाला माहीत नसतात. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, पंचविशी उलटल्यावर शिकायला बसलेल्या या बाई पुढे इंग्रजी जेमतेम येत असताना अमेरिकेला गेल्या आणि तिथे निर्वाहासाठी त्यांनी लोकांच्या घरी घरकामही केले. वक्त्या हे सांगत असताना मागच्या रांगांतली कुजबुज एकदम थांबली. प्रश्नोत्तरांत सर्वांत आधी हात वर झाला तो आमच्याच सोसायटीत तीन घरी काम करणाऱ्या बाईंचा. “तिकडे त्यांना सुट्टी मिळायची का?” असे त्यांनी विचारले. त्या एका प्रश्नावरून पुढची वीस मिनिटे पगार, सुट्ट्या आणि आजारपणातील खाडे यांवर मोकळेपणाने चर्चा झाली, आणि उत्तर देण्याची पाळी आम्हा पुढच्या रांगेतल्या बायकांवर आली. ते आवश्यक होते.

दुसऱ्या रविवारी आधी सोसायटीतील मुलींनी कथक केले, ते छानच झाले. पण मनात राहिल्या त्या ओव्या. मुळशीकडच्या एका आजींसाठी कोणाच्या तरी माळ्यावरचे जाते खाली काढून, धुऊन व्यासपीठावर ठेवले होते. आजींनी माइक बाजूला सारला, पदर खोचला, एक पाय लांब करून खुंट्याला हात घातला आणि पसाभर ज्वारी घालूनच सुरुवात केली. रिकामे जाते फिरवायचे नसते, असे त्यांनी आधी बजावले होते. जात्याची घरघर आणि आवाज यांची लय जुळल्यावर खाली बसलेल्या चारपाच जणी आपोआप साथ देऊ लागल्या. पुणे जिल्ह्याच्या याच डोंगरपट्ट्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी अशा ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्या गाणाऱ्या पिढीतील कितीतरी जणींची मुले-नातवंडे आज आपल्याच शहरात राहतात, हे आयोजकांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे एकदा शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी अशाच कार्यक्रमाला मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना घेऊन गेले होते. पाहुणे तासभर उशिरा आले, पुढचा तास शाल-श्रीफळात गेला आणि शेवटी हळदीकुंकवाचे तबक फिरले, तेव्हा ते माझ्यापुढे आले आणि जाऊबाईंना वगळून पुढे गेले. त्या काही बोलल्या नाहीत, उठून चपला शोधू लागल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. एका गावाला जे जमले, ते पुण्यातील मंडळांना जमू नये याचे फार वाईट वाटते. यंदा आमच्याकडे सत्कार नव्हते आणि तबकही नव्हते. दारात प्रत्येकीच्या हातावर मोगऱ्याची चार फुले ठेवली, तिला काहीही न विचारता.

महापालिकेने आपल्या ताब्यातील सांस्कृतिक भवने आणि समाजमंदिरे अशा कार्यक्रमांसाठी रविवारी दुपारी नाममात्र भाड्याने द्यावीत, अशी माझी विनंती आहे. आमचा निम्म्याहून अधिक खर्च सभागृहावरच झाला. आपणही अशा छोट्या कार्यक्रमांची सूचना दोन दिवस आधी स्थानिक पानावर छापावी, कारण बातमी नंतर आली तर ज्यांनी यायला हवे होते त्यांची वेळ निघून गेलेली असते. आमचा पुढचा कार्यक्रम सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला लागून येणाऱ्या रविवारी, दुपारी अडीचला ठेवला आहे. जाऊबाईंनी त्यात बोलायचे कबूल केले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे