सागाचं कपाट भंगारात देऊ नका

छत्रपती संभाजीनगर
श्रावण

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला होता. पाऊस, सोयाबीनवरची अळी, आईचे गुडघे असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, महालक्ष्म्यांच्या आधी मधल्या खोलीतलं जुनं कपाट काढून टाकायचं ठरलंय. भंगारवाला दोन हजार देतो म्हणतोय आणि लातूरच्या दुकानातून आरशाचं नवीन कपाट हप्त्यावर येणार आहे. बाबा, फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणता आणि विषय तिथंच मिटतो, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले. ते कपाट देऊ नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी कुणाला शब्द देऊ नका.

आधी मनातली एक गोष्ट बोलते. उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे आलात, आणि टेबल-खुर्च्या जुन्या बाजारातून आणल्यात हे कळल्यावर गप्प झालात. गावी गेल्यावर दादाच्या हस्ते दहा हजार पाठवलेत, वर निरोप, 'पोरीला नवीन सामान घ्यायला सांग.' तुमचा जीव तुटतो हे मला कळतं. पण आमचं नीट भागतं, बाबा. दोघांचे पगार वेळेवर होतात, घराचं भाडं कधी थकलेलं नाही. मी जुनं घेते ते लाकूड थोडंफार कळायला लागलंय म्हणून, आणि तेवढ्याच पैशात नवीन काय पदरात पडतं तेही पाहिलंय म्हणून.

दुकानात चकचकीत दिसणारी बरीचशी स्वस्त कपाटं लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेल्या बोर्डाची असतात, वरून लाकडाच्या रेषा छापलेला पातळ थर. फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागलं की ती कड फुगते, आणि फुगली की परत बसत नाही. बिजागरीचा स्क्रू एकदा उचकटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. आमच्या शेजारच्यांनी घर बदलताना असंच कपाट खाली उतरवलं, तर जिन्यातच त्याचे सांधे सुटले. हप्ते अजून चालू होते. चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतील तर तेही चालतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण साग देऊन ते घरात आणायचं, हे मला पटत नाही.

आमचं टेबल जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातलं, नऊशेचं. कुठल्या तरी ऑफिसातलं असावं, खणाच्या आत पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेला आहे. वरून काळपट, तेलकट, एक पाय हलणारा. मी आधी ते उचलून वजन पाहिलं, मग उलटं केलं. खालच्या बाजूला सहसा कुणी पॉलिश मारत नाही, त्यामुळे लाकूड कसलं आहे ते तिथं कळतं. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड सलग. कडेला पट्टी चिकटवलेली दिसली तर आत दुसरंच काहीतरी. पायांच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहायचा, वाळवीनं पोखरलं असेल तर तो आत जातो. बारीक छिद्रं असली तर खाली काळा कागद धरून टेबल ठोकायचं. ताजं पीठ पडलं म्हणजे भुंगा आत जिवंत आहे, असं सामान मी घरात आणत नाही.

आई, तुझी ढेकणांची भीती अगदी खरी आहे. म्हणूनच कापूस किंवा स्पंज भरलेला जुना सोफा कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेत नाही. लाकडी सामानसुद्धा आधी गच्चीवर नेते आणि सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतून उन्हात खडखडीत वाळवते. जुना सरस त्यानं सुटतो, पण ढिले सांधे तसेही पुन्हा बसवायचेच असतात. जुना सरस खरवडायचा, फेव्हिकॉल भरायचा, चारी पायांभोवती सुतळीचे दुहेरी वेढे घेऊन मध्ये काडी घालून पीळ द्यायचा आणि दिवसभर तसंच आवळून ठेवायचं, बाजेची दावण ताणतो तशी. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकायच्या, वाळल्यावर स्क्रू पक्का बसतो.

मग काचपेपर. आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०, शेवटी ३२०. नंबर वाढतो तसा दाणा बारीक होत जातो. घासायचं ते रेषांच्याच दिशेनं. आडवं घासलेले ओरखडे आधी दिसत नाहीत, पॉलिश चढलं की सगळे वर येतात. सुरुवातीला नुसती काळी राळ निघत होती, कागदाचे दाणे भरून जात होते, सारखा झटकावा लागत होता. बऱ्याच वेळानं एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा मोकळी झाली. पिवळसर तपकिरी लाकूड, त्यात गडद रेषा एकमेकींना न भिडता शेवटपर्यंत गेलेल्या, आणि सागाचा तो तेलकट, कोऱ्या चामड्याच्या जवळ जाणारा वास. ओल्या फडक्यानं पुसलं तशा रेषा आणखी उठल्या. तुमची नात शेजारी बसली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आई, हे आधीपासून आतच होतं?" मधोमध शाईचा एक डाग खोल मुरलेला आहे, तो मी तसाच ठेवला. तिथं बसून कुणीतरी वर्षानुवर्षं लिहिलं असणार.

पॉलिश डब्यातलं तयार मिळतं, पण मला चपडा लाखेचं आवडतं. लिटरभर स्पिरिटला दोनशे ग्रॅमच्या आसपास लाख रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, मलमलीत कापसाचा बोळा बांधून पातळ पातळ हात द्यायचे. स्पिरिट लगेच पेट घेतं, त्यामुळे गॅस, उदबत्ती काही जवळ नको. एक हात वाळला की ३२० च्या कागदानं अलगद पुसून दुसरा. घाईनं जाड थर दिला तर चिकट राहतो. या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, म्हणून जेवणाच्या टेबलाला ते नको, अभ्यासाच्या टेबलाला उत्तम.

खुर्च्यांना जवसाचं तेल दिलं, रंगाच्या दुकानात मिळतं ते. घाण्याचं, चटणीवर घ्यायचं तेल वाळायला फार दिवस घेतं. आणि बाबा, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण दादाही आता हौसेनं करून बघेल. त्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन ओढून तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मी ती मोकळी पसरून बाहेर तारेवर वाळत घालते. गावी कडब्याची गंजी जवळ असते, तिथं तर विशेष जपायला हवं.

खुर्च्यांच्या बैठकीला आईच्या जुन्या इरकल साडीचं कापड लावलंय, खालून मांजरपाटाचं अस्तर देऊन. काठ पुढच्या कडेला आलाय. आई, तू आलीस तेव्हा ओळखलंस की नाही, काही बोलली नाहीस. टेबल, दोन खुर्च्या, कागद, लाख, तेल, स्पंज सगळं धरून तीन हजारांच्या आत झालं.

आता आपलं कपाट. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला आठवत नाही, मी फार लहान होते. जे माहीत आहे ते आजोबांकडून. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती माळवदासकट खाली आल्या. आपला वाडा गेला. आजोबा सांगायचे, ढिगारा उपसताना सागाच्या तुळया अखंड निघाल्या. किनवटकडचा साग, असं ते फार अभिमानानं म्हणायचे. पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत असताना त्यांनी त्या तुळया पावसात भिजू नयेत म्हणून झाकून ठेवल्या, आणि नव्या वसाहतीत घर मिळाल्यावर गावच्याच सुताराकडून त्यांचं हे कपाट करून घेतलं. दारांच्या चौकटीत एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. डाव्या दाराच्या खालच्या बाजूला एक चौकोनी खाच बुजवलेली आहे, रंगाखालीही बोटाला लागते. ती वाड्याच्या तुळईची जुनी खाच आहे. बाबा, तुम्हीच मला लहानपणी दाखवली होती.

भंगारवाला त्याचे दोन हजार उगाच देत नाही. त्याला लाकूड कळतं. जुन्या वाड्यांचा साग शहरात घनफुटावर विकला जातो. आपलं कपाट इथं येऊन, रंग उतरवून, कुणाच्या तरी दिवाणखान्यात मोठ्या किमतीला जाईल आणि आपल्याकडे भुशाच्या बोर्डाचे हप्ते राहतील.

ते आज वाईट दिसतं, हे मला मान्य आहे. आधी हिरवा, त्यावर निळा, वर तपकिरी, असे ऑइलपेंटचे थर चढलेत. पण ते उतरवायची घाई कुणी करू नका, आणि कोरडं तर अजिबात घासू नका. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असावं हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपले थर त्याच्या कितीतरी आधीचे. त्याची धूळ लहान लेकरांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि दादाचं बाळ आता रांगतंय. बाबा, तुमचा खोकलाही आहे. दादाला सांगा, ग्राइंडर लावायचा नाही, दिव्यानं जाळूनही रंग काढायचा नाही. मी आले की अंगणात प्लास्टिक अंथरून, मास्क लावून, पेंट रिमूव्हरनं रंग मऊ करून पत्रीनं खरवडेन आणि उरलेलं पाण्याच्या पेपरनं ओलं घासेन. ती खरवड पिशवीत बांधून ठेवायची. परसात किंवा गोठ्याकडे टाकायची नाही, जनावरांनी चाटली तर त्यांनाही विषबाधा होते.

हे काम श्रावण-भादव्यात होणारं नाही. हवेत ओल असली की लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं. लाकूडही आता फुगलेलं आहे, उजवं दार त्यामुळेच अडकतंय. त्याला कुणाकडून रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात लाकूड आटलं की तिथंच फट पडेल. मी दिवाळीच्या सुट्टीत येते. आल्या आल्या कामाला लागले तर भाऊबीजेपर्यंत दारं तरी नक्की होतील, बाकीचं संक्रांतीला.

महालक्ष्म्यांना पाहुणे येणार आणि ते कपाट समोर दिसणार, याची आईला लाज वाटत असेल तर सोपं आहे. सजावटीत मागे साड्या लावतोच, यंदा दोन जास्त लावा, कपाट झाकून जाईल. तोवर नुसत्या ओलसर फडक्यानं पुसून घ्या आणि लगेच कोरडं करा. खण ओढायला जड जातात, त्यांच्या खालच्या कडेवर मेणबत्ती घासा. मुठींवर रंग बसलाय तो मी काढते, आत पितळ आहे. मग चिंच-मीठ लावून त्या चकचकीत करायचं काम आईचं.

राहिला आरसा. आई, तुला आरसा हवाय हे दादाच्या बोलण्यात आलं, आणि मला वाटतं नवीन कपाटाचं खरं कारण तेच आहे. तू स्वतःहून मागणार नाहीस. उजव्या दारावर पूर्ण उंचीचा आरसा लावू, डावं दार खाचेसाठी मोकळं राहू दे. वजन पेलावं म्हणून त्या दाराला दोनऐवजी तीन बिजागऱ्या लावू, पितळेच्या. बाबांचे दहा हजार माझ्याकडे तसेच आहेत, त्यातूनच हे सगळं करू आणि पैसे उरतील.

दादाला उजव्या दाराची उंची, रुंदी आणि फळीची जाडी टेपनं मोजून मला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. उंची एकाच जागी मोजू नका. डाव्या आणि उजव्या कडेला वेगवेगळी मोजायची, हातानं केलेली दारं थोडी तिरकी असतात. रुंदी वर आणि खाली अशी दोनदा. आरसा मी इथून कापून आणेन. आणि भंगारवाल्याला आजच 'नको' म्हणून कळवा, तो टेम्पो घेऊन दारात आला की तुम्हाला नाही म्हणवणार नाही.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, येताना आणते.

तुमची लेक