‘गाडी लागणाऱ्या मुलांसाठी खास’ कार सीटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : न धुता येणारे पट्टे, अडकणारं बकल आणि तुमच्या मदत केंद्राने दिलेला धोकादायक सल्ला

महोदय,

आमची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. गाडीत बसून वीस-पंचवीस मिनिटं झाली की ती एकदम गप्प होते, जांभया देऊ लागते, ओठांभोवती पांढरी पडते आणि मग व्हायचं ते होतंच. तान्ह्या बाळांना गाडी सहसा लागत नाही, दोन वर्षांच्या आसपास हा त्रास सुरू होतो आणि पुढे दहा-बारा वर्षांची होईपर्यंत राहू शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे अजून बराच पल्ला गाठायचा आहे. म्हणून नवी सीट घेताना आम्ही तीन आठवडे घोळ घातला आणि शेवटी तुमची घेतली, ती तुमच्या जाहिरातीतल्या दोन वाक्यांमुळे: ‘गाडी लागणाऱ्या मुलांसाठी खास’ आणि ‘कव्हर झटपट काढा, धुवा’.

पहिल्याच लांबच्या प्रवासात दोन्ही वाक्यांची परीक्षा झाली. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मुलीला पुसलं, कपडे बदलले, इथवर सगळं सवयीचं होतं. घरी येऊन कव्हर काढायला बसले, तेव्हा कळलं की त्यासाठी आधी खांद्याचे पट्टे मागच्या बाजूने सोडवायचे, मग कडेचे अकरा हुक काढायचे, त्यातले दोन फोमच्या खाली दडलेले. पन्नास मिनिटं लागली. ‘झटपट’ हा शब्द ज्याने लिहिला, त्याने निदान एकदा रात्री साडेदहाला, आंबट वासात, टॉर्च लावलेला मोबाइल दातांत धरून हे काम करून पाहावं.

कव्हर धुतलं गेलं, हे मान्य. पण उलटी कव्हरवर थांबत नाही. ती पट्ट्यांत मुरते, पट्टे ज्या खाचांतून जातात तिथून आतल्या सांगाड्यात उतरते आणि बकलमध्ये जाऊन बसते. तुमच्या पुस्तिकेत पट्ट्यांबद्दल स्पष्ट लिहिलंय की ते पाण्यात बुडवू नयेत, साबण किंवा ब्लीच लावू नये, फक्त ओल्या फडक्याने पुसावेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अपघातात मुलाला धरून ठेवायचं ते याच पट्ट्यांनी, त्यांचे धागे कमकुवत होता कामा नयेत, एवढं मला समजतं. पण ओल्या फडक्याने आंबट वास जात नाही, आणि त्या वासाने दुसऱ्या दिवशी गाडी सुरू व्हायच्या आतच मुलीला उमळायला लागतं. मग सुटे पट्टे विकत द्या, म्हटलं तर ते तुम्ही विकत नाही. जादा कव्हरही नाही. धुतलेलं कव्हर वाळायला दीड दिवस लागला, तोवर सीट निकामी.

बकलचं प्रकरण याहून वाईट आहे. कानातल्या काड्या घेऊन जेवढं दिसलं तेवढं साफ केलं. तरी आता पट्ट्यांच्या टोकांची दोन्ही पाती आत सरकवली की ‘खट्’ असा आवाज कधी येतो, कधी येत नाही. आला असं वाटून पट्टा ओढला, तर डावं पातं अलगद बाहेर येतं. पुस्तिकेत यावर एकच ओळ आहे : ‘बकल स्वच्छ ठेवावे.’ कसं, ते नाही.

म्हणून मी मदत केंद्राला फोन केला. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, पट्टे काढून उशीच्या अभ्र्यात घाला आणि मशीनमध्ये टाका. मी पुस्तिकेतलं वाक्य वाचून दाखवलं. त्यावर, ‘एखाद्या वेळी चालतं हो मॅडम.’ पुढे त्याने आपणहून आणखी दोन उपाय सुचवले : सीटचं तोंड मागे आहे ते पुढे करा, म्हणजे मळमळ थांबेल, आणि छातीवरचे पट्टे जरा सैल सोडा, म्हणजे पोटावर दाब येणार नाही.

हा सल्ला ऐकून मी फोन ठेवला नाही, हे माझंच मला आश्चर्य वाटतं. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या मुलाचं डोकं, मान आणि पाठ सीटची पाठ एकत्र पेलते. तोंड पुढे असलं तर धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. तुमच्या सीटवर आर१२९ या मुलांच्या कार सीटच्या सुरक्षा मानकाचं नारंगी लेबल आहे. त्या मानकात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, पण ती किमान अट झाली. तुमचीच सीट १०५ सेंटिमीटर उंचीपर्यंत मागे तोंड करून वापरता येते आणि माझी मुलगी अजून त्याच्या बरीच आत आहे. पट्ट्यांचं तर बोलायलाच नको. खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो सैल आहे, हे तुमच्याच पुस्तिकेत चित्रासह छापलंय.

‘खास’ म्हणजे नेमकं काय, हेही मी त्याला विचारलं. ‘आरामदायी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. गाडी लागते ती कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना मात्र स्थिर काहीतरी दिसत राहतं म्हणून. मुलाला बाहेरचं दिसलं तर थोडा आराम पडतो. तुमच्या सीटच्या डोक्याजवळच्या दोन्ही बाजू इतक्या खोल आहेत की तिला दिसतं ते करडं कापड. बाजूच्या धडकेसाठी त्या हव्यात, हे कबूल, पण मग ती ओळ कशाच्या आधारावर लिहिली? (पहिले काही प्रवास आम्हीच खिडकीला काळा पडदा लावून तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं होतं. ती चूक आमची. आता दोन्ही बंद आहे, तरी फरक थोडाच.)

माझं मागणं असं की बकल आणि पट्टे तुमच्या खर्चाने बदलून द्या आणि एक जादा कव्हर द्या. ते जमत नसेल तर सीट परत घेऊन पूर्ण पैसे द्या. त्या दिवशीच्या फोनचं रेकॉर्डिंग ऐका आणि तो सल्ला चुकीचा होता, असं मला लेखी कळवा. तोच सल्ला आणखी किती आईबापांना गेला असेल, कोण जाणे. आणि ‘खास’ची ओळ एकतर सिद्ध करा, नाहीतर काढून टाका. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाईन.

बकलचा व्हिडिओ आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. तुमची सीट सध्या गाडीतून काढून ठेवली आहे. शेजाऱ्यांकडून त्यांच्या मुलाची सीट मागून आणली. ती त्यांनी स्वतः नवी घेतलेली, अपघातात न सापडलेली आणि आमच्या मुलीच्या मापाची आहे. तिचं बकल सुटं करून कोमट पाण्याखाली कसं धरायचं, ते तिच्या पुस्तिकेत चार चित्रं काढून दाखवलंय.

कळावे,
आपली एक ग्राहक