चौकशीचा उत्तरार्ध रटाळ कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विमानात घडणाऱ्या थरारपटांवर वाचकांची मते छापून आली. ‘रनवे ३४’ या हिंदी सिनेमाबद्दल बहुतेकांचा सूर एकच आहे: मध्यंतरापर्यंत श्वास रोखून बसलो, पुढे चौकशी सुरू झाली आणि सिनेमा बसला. एका वाचकाला तर विमान उतरले तिथेच सिनेमा संपवायला हवा होता असे वाटते. एप्रिल २०२२ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हाही हेच कानावर येत होते. माझी सगळी नोकरी विमानतळावरच्या हवामान कार्यालयात झाली. हे मत मला मुळीच पटत नाही, म्हणून लिहितो आहे.

आज १८ ऑगस्ट २०२५. ज्या घटनेवरून हा सिनेमा सुचला तिला आज बरोबर दहा वर्षे झाली. दोहाहून कोचीला निघालेले जेट एअरवेजचे बोइंग ७३७ पहाटे कोचीला पोहोचले तेव्हा खाली काही दिसत नव्हते. तीनदा प्रयत्न झाला, तीनदा विमान पुन्हा वर उचलावे लागले. मग ते तिरुवनंतपुरमला वळवले. तिथेही तीन प्रयत्न वाया गेले आणि सातव्या खेपेला चाके जमिनीला टेकली. नियमाने टाकीत जेवढे इंधन शिल्लक हवे त्याच्या कितीतरी खाली काटा गेला होता. आत सुमारे दीडशे माणसे होती. सिनेमाने दोहाचे दुबई केले. धावपट्टीचा आकडाही बदलला. तिरुवनंतपुरमची धावपट्टी १४-३२ आहे, ३४ नाही. एवढे स्वातंत्र्य कोणीही घेईल, त्याबद्दल तक्रार नाही.

सातव्या प्रयत्नाचा थरार कोणालाही कळतो. पण पहिल्या प्रयत्नाच्या आधी काय घडले, वैमानिकाच्या हातात कोणता कागद होता, त्या कागदावरची माहिती किती जुनी होती, हे चौकशीतच कळते. त्यातला एक धागा माझ्या कामाचा आहे, तो जरा सविस्तर सांगतो.

विमानतळावर हवामान निरीक्षक दर अर्ध्या तासाने अहवाल देतो. त्याला मेटार म्हणतात. त्यात वारा, ढगांची उंची, तापमान, दाब असे सगळे असते, पण पावसाळ्यात वैमानिकाचा जीव अडकलेला असतो तो दृश्यतेच्या आकड्यात. हा आकडा काढायची जुनी पद्धत साधी आहे. निरीक्षणाच्या जागेवरून चहूबाजूंच्या खुणा ठरलेल्या असतात: पाण्याची टाकी अमुक मीटरवर, चिमणी तमुक मीटरवर, त्यापलीकडे टेकडी. रात्री याच कामाला दिवे येतात. कोणता दिवा दिसतो, कोणता दिसेनासा झाला, यावरून आकडा लिहायचा. आता धावपट्टीच्या कडेला उपकरणे आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने आपल्या हवामान खात्याच्या साथीने बनवलेले ‘दृष्टी’ हे त्यातलेच. तरीही पावसाची सर उपकरणाला विचारून येत नाही. अहवाल गेल्यावर पाचच मिनिटांत एकामागून एक दिवे पुसले जाताना मी पाहिले आहेत. अशा वेळी विशेष अहवाल काढायचा असतो, तो विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याकडे जातो आणि मनोरा वैमानिकाला सांगतो. या साखळीत कुठेही दहा मिनिटे गेली, तर वरचा माणूस जुन्या आकड्यावर विसंबून खाली येत राहतो.

आता याला इंधनाची जोड द्या. ठरल्या ठिकाणी उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ गाठता येईल आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढे इंधन राखून ठेवावेच लागते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर इंजिने पूर्ण जोराने चालवून विमान वर न्यावे लागते, त्यात इंधन भराभर जाते. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नानंतर जो पर्याय हाताशी असतो तो तिसऱ्यानंतर उरेलच असे नाही. पर्याय म्हणून असलेले दूरचे बंगळूर कोणत्या मिनिटाला आवाक्याबाहेर गेले? ते गेले हे दोघा वैमानिकांना त्या क्षणी ठाऊक होते का? सहवैमानिकाने काही सुचवले होते का? माझ्या मते या प्रश्नांइतके उत्कंठेचे त्या सिनेमात दुसरे काही नाही, आणि ते सगळे मध्यंतरानंतर येतात.

एक मात्र कबूल करायला हवे. प्रेक्षक कंटाळले यात सिनेमाचाही वाटा आहे. अमिताभ बच्चन यांच्यासारखा नट समोर आहे म्हणून चौकशीचे न्यायालय करून टाकले: आरोप, उलटतपासणी, भारदस्त हिंदी संवाद आणि शेवटी नायक दोषी की निर्दोष. अपघाताची चौकशी अशी चालत नाही. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तेराव्या परिशिष्टात स्वच्छ लिहिले आहे की या तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष कोणाचा हे ठरवणे नाही. आपल्याकडे २०१२ पासून त्यासाठी विमान अपघात अन्वेषण ब्युरो हा वेगळा विभाग आहे. तिथे कोणी गरजत नाही. वैमानिकांच्या कक्षातले ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकले जाते, ड्यूटीचे तक्ते तपासले जातात, एकेक पुर्जा काढून पाहिला जातो.

मंगळूरच्या २२ मे २०१० च्या अपघातात १५८ जण गेले. त्याची चौकशी पुण्याचे एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज सापडला. उतरताना सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हणून पुन्हा वर जाण्याचे तीनदा सुचवले होते, तेही त्याच ध्वनिमुद्रणात आहे. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

कोळिकोडचे उदाहरण तर आपल्या अधिक जवळचे आहे. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री तिथे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले, २१ माणसे गेली. कॅप्टन दीपक साठे यांचे घर नागपूरचे, शिक्षण खडकवासल्याचे, नोकरी हवाई दलातली. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर संदेश फिरू लागला की त्यांनी मुद्दाम तीन फेऱ्या मारून इंधन संपवले, इंजिन बंद केले आणि आग टाळली. लोकांनी तो डोळ्यांत पाणी आणून पुढे पाठवला. वर्षभराने अहवाल आला. वैमानिकाने विहित कार्यपद्धती पाळली नाही, विमान जवळपास निम्म्या धावपट्टीवर टेकले आणि तरीही पुन्हा वर नेले नाही, हे त्यात संभाव्य कारण म्हणून स्पष्ट लिहिले आहे. मग तीच माणसे कॅप्टनला दोष देऊ लागली.

पण अहवाल तिथे थांबलेला नाही. इतका अनुभवी माणूस असा का वागला, याचा तो पाठपुरावा करतो. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. मधुमेहाच्या गोळ्यांचा परिणाम त्यांच्या विचारशक्तीवर झाला असावा, अशी शक्यता तपासली गेली. आणि कोळिकोडच्या तळावर २६ सहवैमानिकांमागे कॅप्टन एकच नेमलेला होता. दुसऱ्या दिवशीचे उड्डाण करायचे तर साठे यांना त्याच रात्री तिथे उतरणे भाग होते. काचेवरच्या वायपरपासून निघालेला शोध कंपनीच्या मनुष्यबळाच्या कागदापर्यंत पोहोचतो. असा उत्तरार्ध कोणी प्रामाणिकपणे पडद्यावर आणला, तर प्रेक्षक उठून जातील असे मला वाटत नाही.

सिनेमाच्या आवडीनिवडीवरून मी एवढा का तळमळतो, असे आपल्याला वाटेल. १२ जूनला अहमदाबादला विमान पडले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. त्यात पनवेल, डोंबिवलीकडची उमेदीची मुलेही होती. महिन्याने पंधरा पानांचा प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे दोन्ही स्विच पाठोपाठ बंद स्थितीत गेल्याची नोंद त्यात आहे. एक वैमानिक दुसऱ्याला ‘का बंद केलेस’ असे विचारतो आणि दुसरा ‘मी केले नाही’ म्हणतो, एवढेही आहे. ते कसे घडले, हे त्यात नाही. पण आमच्या सोसायटीच्या बाकावर त्याच संध्याकाळी निकाल लागला. कोणी वैमानिकाला गुन्हेगार ठरवले, कोणी कंपनीला. ती पंधरा पाने तिथल्या एकानेही उघडली नव्हती. ज्या वैमानिकाला स्वतःची बाजू मांडायला परत येता येणार नाही, त्याच्या घरच्यांनी हे कसे ऐकायचे? चौकशीचा भाग ‘रटाळ’ म्हणून सोडून द्यायची सवय आपल्याला सिनेमाने लावली की सिनेमा आपल्याच सवयीप्रमाणे निघतो, मला सांगता येणार नाही. दोन्हीकडे तीच घाई आहे, एवढे नक्की.

म्हणून एक विनंती आहे. पुरवणीत थरारपटांवर पानभर मते छापता, तशी चार-पाच रविवार कोळिकोडच्या अहवालाला द्या. तो ब्युरोच्या संकेतस्थळावर इंग्रजीत कोणालाही वाचता येतो. त्यातला घटनाक्रम सोप्या मराठीत, मिनिटामागून मिनिट असा क्रमशः छापा. हवामानाचा भाग लिहून द्यायला मी तयार आहे. विमानाच्या यंत्रणेबद्दल लिहू शकतील असे निवृत्त अभियंते पार्ले-सांताक्रूझ भागात भरपूर आहेत, त्यांना मी विचारून ठेवतो. आपला होकार कळवावा.

आपला,
एक निवृत्त हवामान निरीक्षक
विलेपार्ले, मुंबई