वादळ सरल्यावर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मदतपथकाबरोबर ओडिशाच्या किनाऱ्यावर निघालायस, हे वाचून बरं वाटलं. "वादळ सरल्यावर आम्ही पोचून काय उपयोग?" असं विचारतोस. माझ्या मते खरी गरज तेव्हाच असते.

पाऊस परतल्यावरची, आश्विन-कार्तिकातली वादळं बंगालच्या उपसागरात फार जोर धरतात. पाणी अजून तापलेलं असतं, आणि उत्तरेकडे उपसागर निमुळता नि उथळ होत गेल्यामुळे वाऱ्याने रेटलेलं पाणी फुगून थेट जमिनीवर चढतं. २९ ऑक्टोबर १९९९ ला पारादीपजवळ तेच झालं. वारा ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होता, पण बहुतेक बळी घेतले ते पाण्याने. एरसमा भागात समुद्र आत घुसला नि वस्त्याच्या वस्त्या नाहीशा झाल्या. सरकारी मोजणीनेच राज्यात १०,००० च्या घरात माणसं गेली.

त्यानंतर ओडिशाने जे करून दाखवलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. आपत्ती व्यवस्थापनाचं वेगळं प्राधिकरण आलं, किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले. १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरला फायलिन चक्रीवादळ धडकलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं होतं. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

पण बातम्या तिथेच थांबतात. निवाऱ्यातून परतलेला माणूस शेतावर जातो तेव्हा भात आडवं झालेलं असतं. कापणी तोंडावर आलेली, म्हणजे वर्षभराची मेहनत नि उचललेलं कर्ज दोन्ही शेतात उभं होतं. त्यात खारं पाणी साचून राहिलं तर पुढचं पीकही धड येत नाही. चांगल्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत थांबावं लागतं. विहिरी नि तळी खारट होतात, मग बायकांची पाण्यासाठीची पायपीट वाढते. मच्छीमाराची होडी वाचली तरी जाळी नि इंजिन गेलेलं असतं, आणि उधारी तशीच. शेवटी घरातले तरुण कामाला परगावी जातात. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात धरायचं?

एक गोष्ट तिथे मुद्दाम बघ. १९९९ मध्ये केंद्रापाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे रुंद कांदळवन होतं तिथे मृत्यू कमी झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. ते जंगल कुठे टिकलंय, कुठे तुटलंय, ते वयस्कर लोकांना विचार.

आणि कृपा करून जुने कपडे गोळा करत बसू नका. खारावलेली तळी उपसायला पंप, जाळ्यांसाठी रोख रक्कम, खारं सोसणारं भाताचं बियाणं, यांची सोय आधी करा. पैशांचं मी इकडून बघतो. गावकऱ्यांना नेमकं काय हवंय ते विचारून लगेच कळव.

तुझा,
जिवलग मित्र