शैले, सही करण्याआधी हे वाच

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय शैला,

तुझ्या आधीच्या दोन पत्रांना उत्तर गेलं नाही, ते मनाला लागून आहे. तिसऱ्यात वाघोलीच्या फ्लॅटचं गुळगुळीत पत्रक निघालं आणि खाली तुझ्या अक्षरात, "पुण्याचं पाणी, पुण्याचं पाणी म्हणून आयुष्यभर ऐकवलंस, आता तेच प्यायला येतेय." मग मात्र राहवेना. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात, घरचे सगळे बरे. आता मुद्द्याचं.

तू पुण्यात येणार याचा मला किती आनंद झालाय हे वेगळं सांगत नाही. पण ज्या पाण्यावरून मी तुझ्याशी भांडत आले ते खडकवासल्याचं, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं खडकवासला सगळ्यांत लहान, जेमतेम १.९७. वरच्या तिघांचं पाणी त्यात उतरतं, तिथून पर्वतीला येतं, शुद्ध होतं आणि टेकडीवरून पेठांमध्ये उतरतं. मृदू पाणी. डाळ शिजते, साबणाला फेस येतो, तांब्याला पांढरा थर धरत नाही. पण हे सुख पर्वतीच्या पायथ्याशी आहे. वाघोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, नगर रस्त्यावर. महापालिकेत ११ गावं २०१७ मध्ये आली आणि २३ गावं २०२१ मध्ये, वाघोली या २३ मधलं. हद्द एका आदेशाने वाढते, जलवाहिनीला वर्षं लागतात. भामा आसखेड धरणाचं पाणी २०२१ पासून खराडी, वडगाव शेरी, धानोरीकडे फिरलं तेव्हा तिथल्या लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. त्याच्या पुढच्या सोसायट्या अजून टँकरवर दिवस काढतात.

गिरगावात तू पहाटे साडेचारला उठून पाणी भरलंस, तुला टंचाई नवी नाही, असं तू म्हणशील. ऐक, इथे फरक आहे. तुमचं पाणी कमी वेळ येतं, पण येतं. तानसा आणि वैतरणेचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून बहुतेक उताराने वाहत येतं, ते भांडुपला शुद्ध होतं, भातसाचं पिसेला उपसून पांजरापूरला, आणि पुढे मलबार हिलच्या बागेखालच्या टाकीसारख्या टाक्यांत पोचतं. नळात येतं ते तपासलेलं, क्लोरीन घातलेलं. टँकरच्या पाण्याचं तसं नाही. ते कुठल्या विहिरीतून भरलं, आदल्या दिवशी त्याच टाकीत काय होतं, हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडीकडे, जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या मज्जातंतूंच्या आजाराचे, इतके रुग्ण निघाले आणि संशय पाण्यावर गेला, तेव्हापासून मी या बाबतीत कुणाचंच नुसतं तोंडी ऐकत नाही.

(मुंबई जिंकली म्हणून लगेच भावजींना वाचून दाखवू नकोस. कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, पेठापेठांतून हौद बांधले, तेव्हा मुंबई विहिरी आणि तलावांवर होती. तुमचं विहार १८६० चं. हा वाद आपण मिटवलेला नाही आणि मी मिटवणारही नाही.)

आता हिशेब कर. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांच्या घराला ५४०. तुझ्या पत्रकात २४० फ्लॅट लिहिलेत, म्हणजे रोजचे १,२९,६०० लिटर. मोठा टँकर १०,००० लिटरचा. नळाचं पाणी एक थेंब आलं नाही तर रोज १३ टँकर फाटकातून आत यायला हवेत. त्यांचा खर्च देखभाल वर्गणीत येतो. पत्रकावरची वर्गणी बिल्डरने पावसाळ्याच्या हिशेबाने छापलेली असते. म्हणून शेजारच्या, लोक राहायला येऊन तीन-चार वर्षं झालेल्या सोसायटीत जा आणि त्यांच्या वर्षभराच्या जमाखर्चातला टँकरचा आकडा बघ. मार्च, एप्रिल, मे वेगळे काढून बघ. सरासरी सांगितली तर ऐकू नकोस.

"बोअर आहेत की चार," असं विक्रीवाला म्हणणारच. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि सांध्यांत असतं, सगळीकडे सारखं नसतं. एका बोअरला लागतं, दहा पावलांवर कोरडं. लागलं तरी शेजारचे चार प्रकल्प त्याच भेगेतून ओढतात, आणि फेब्रुवारी-मार्चला पंप हवा ओढू लागतो. शिवाय ते जड. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र अगदी स्वस्तात मिळतं, ते सोबत असू दे. पेठेतल्या नळाचा आकडा आणि तिथल्या बोअरचा आकडा शेजारी ठेवलेस की मला काही बोलावं लागणार नाही. पिण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं मानक आहे. पण आकडा ५०० च्या खाली आहे म्हणजे पाणी जंतूंपासून सुरक्षित, असं नाही. त्याला क्लोरीनची चाचणी वेगळी. छोट्या बाटलीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम राहायला हवं.

जड पाण्यासाठी सोसायट्या सॉफ्टनर, म्हणजे पाणी मृदू करणारं यंत्र, बसवतात. त्यातल्या क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या मण्यांना ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर ते नुसतं शोभेचं पिंप उरतं. मीठ गोण्यांनी लागतं, आणि खर्च वाचवायला पहिल्यांदा मीठच बंद होतं. नव्या घरांच्या नळांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला तर तिथे हेच झालंय असं समज. गीझर आणि वॉशिंग मशीनची कॉइल त्या थरानेच जाते.

तुझ्या नजरेतून सुटेल अशी एक गोष्ट. १३५ लिटरमधले साधारण ४५ फ्लशला जातात. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला फिरवायची यंत्रणा मोठ्या प्रकल्पांत असते, कागदावर तरी नक्कीच. ती बंद असेल तर फ्लशलाही टँकरचं पाणी जातं, म्हणजे तिसरा हिस्सा विकत घेऊन वाहून जातो. राहत्या घरातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून बघ. शुद्ध केलेल्या सांडपाण्याला किंचित पिवळट छटा आणि मंद वास असतो. अगदी नितळ, बिनवासाचं दिसलं तर त्या यंत्रणेचं वीजबिल दाखवा म्हण. चालू असलेल्या यंत्रणेचं बिल लपत नाही.

जायचं ते याच महिन्यात, उन्हाळा आहे तोवर, सकाळी सातला, आणि विक्री कार्यालयात न जाता थेट फाटकावर. वॉचमनकडे टँकरची वही असते, कितीला आला, किती आले, सगळं लिहिलेलं. गणपतीच्या सुमारास जाऊन घर बघणारे फसतात, तेव्हा सगळं हिरवं आणि टाक्या भरलेल्या. एक दिवस गुरुवारनंतरचा निवड. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बहुतेक गुरुवारी बंद असतं आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. ज्या सोसायटीची जमिनीखालची टाकी दीड-दोन दिवसांची आहे तिला काही वाटत नाही. जिची एका दिवसाची आहे तिथे शुक्रवारी सकाळी काय चालतं ते डोळ्यांनी बघ.

कागद. या गावांत बांधकामाची परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं की महापालिका पाणी देईपर्यंत पाण्याची जबाबदारी माझी. ते माग, आणि तीच अट तुझ्या करारात शब्दशः घालून घे. नाहीतर सोसायटी स्थापन झाली की तो खर्च गुपचूप तुमच्या वर्गणीत येतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, ते महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, पानावर आणि प्रत्यक्षात, दोन्हीकडे बघ. आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही, हा कायदा आहे. तू टोकन दिलंयस तेवढंच राहू दे. "या आठवड्यात सही केली तर पार्किंग मोफत" म्हणतात ना, त्यासाठी घाई करू नकोस, माझ्या गळ्याची शपथ.

मुळशीचा विषय काढल्याशिवाय माझं पत्र संपत नाही, हे तुला माहीतच आहे. मुळशीवर पडणारा पाऊस मुळेचा, म्हणजे आमचा. सह्याद्री तिथे उलटा ओलांडून ते पाणी भिऱ्याला खाली सोडतात, १९२७ पासून त्यावर तुमच्या मुंबईचे दिवे लागतात आणि पाणी कुंडलिकेतून समुद्राला जातं. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळातले शेतकरी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेले. तू दर वेळी म्हणतेस, मग काय गिरगाव अंधारात ठेवायचं? ठेवू नका. पण ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांची नावं घ्या, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे. इकडचं पाणीही एकट्या पुण्याचं नाही हो, मुठा कालव्याने दौंड-इंदापूरपर्यंत जातं. शहर फुगतं तसं त्यांच्या वाटणीतलं कमी होतं, आणि वाघोलीला नळ मागताना आपण तेही मागत असतो. मला हे खरंच टोचतं.

तुला माझं ऐकायचं असेल तर पर्वती, दांडेकर पूल, कर्वे रस्ता, फार तर कोथरूड या पट्ट्यात जुनी, लिफ्ट असलेली इमारत बघ. जागा लहान मिळेल, पैसे जास्त जातील. पण पासष्टीनंतर टँकरची वाट बघणं तुला झेपायचं नाही. भावजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे कळलं, काळा चष्मा महिनाभर सोडू देऊ नकोस. चिनूला नोकरी लागली त्याबद्दल तिला माझ्याकडून पेढे. कुमूचं तू लिहिलंस ते वाचलं, त्यावर भेटल्यावर बोलू.

गुरुवारी संध्याकाळी पाच-दहाच्या डेक्कन क्वीनने निघ. शुक्रवारी सातला आपण दोघी त्या फाटकावर असू. टीडीएसचं यंत्र मी आणलंय, चाचणीची बाटली तू तिकडून आण. आणि शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी फोन करून ठेव, मिठाच्या गोण्यांची बिलं काढून ठेवा म्हणावं, शोधायला त्यांना वेळ लागतो.

तुझी,
मंदा