परिचारिकांच्या नादविश्रांती कक्षासाठी आवाहन: तानपुरा, जाड पडदे आणि तुमचा आठवड्यातला एक तास

सप्रेम नमस्कार,

मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकांसाठी नादविश्रांतीचा, म्हणजे मंद नाद ऐकत थोडा विसावा घेण्याचा, कक्ष उभारण्याचे काम आमच्या समितीने हाती घेतले आहे. समितीत निवृत्त परिचारिका, तंतुवाद्यांचे कारागीर आणि गाणे शिकवणारे शिक्षक आहेत. अधिसेविकांनी पहिल्या मजल्यावरची 12 बाय 14 फुटांची, आजवर जुनी कपाटे ठेवायला वापरलेली खोली दिली आहे. तिथे काय लागणार आहे आणि कशासाठी, ते नीट समजून घेऊन मदत करावी, ही विनंती.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत 3 रुग्णांमागे आणि इतरत्र 5 रुग्णांमागे एक परिचारिका हवी. अतिदक्षता विभागात एकास एक. रात्रपाळीत प्रत्यक्षात काय असते, हे ज्यांनी पेशंटच्या उशाशी रात्र काढली आहे त्यांना सांगायला नको. त्यात आवाजाची भर पडते. रुग्णांच्या खोल्यांत दिवसा 35 आणि रात्री 30 डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. चालू अतिदक्षता विभागात मात्र मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर आणि ट्रॉल्या मिळून तो सहज 50 च्या वर जातो. अलार्म बहुतेक वेळा किरकोळ कारणाने वाजतो, पण तो किरकोळ आहे हे उठून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे कान सतत ताणलेले राहतात आणि ड्युटी संपल्यावरही तो ताण लगेच उतरत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रिक्त पदे, लांबलेल्या पाळ्या, नाकारलेल्या रजा यांवर हा कक्ष उपाय नाही आणि कुणी तो तसा वापरूही नये. नादध्यानाविषयी मोठे दावेही आम्ही करणार नाही. 2017 मध्ये अमेरिकेत 62 जणांवर झालेल्या एका अभ्यासात काशाच्या वाट्यांचा नाद ऐकल्यावर ताण, राग आणि थकवा कमी झाल्याचे आढळले, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आमचे म्हणणे एवढेच आहे की सततच्या बीपमधून वीस मिनिटे बाहेर पडून श्वास लांबवला, तर शरीराला विसावा मिळतो. तो विसावा कामाच्या वेळेतच मिळायला हवा. ड्युटीनंतर ठेवला तर घरी मुले आणि स्वयंपाक वाट पाहत असतात, त्यामुळे कुणी थांबत नाही.

नाद कोणता, यावर सगळे अवलंबून आहे. बाजारात मिळणाऱ्या लहान वाट्या, टिंगशा (छोट्या झांजा), घुंगरू यांचा आवाज तीक्ष्ण असतो. दिवसभर अलार्म ऐकणाऱ्या व्यक्तीला तो दचकवतो. म्हणून आम्ही खर्जाकडे, म्हणजे खालच्या सुराकडे, झुकलेला नाद निवडला आहे, आणि त्यासाठी आपल्या गावाइतकी चांगली जागा नाही. एकोणिसाव्या शतकापासून इथे शिकलगार घराण्यातले कारागीर तंतुवाद्ये घडवत आले आहेत आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या मिशन रुग्णालयामुळे रुग्णसेवेचीही गावाला शतकाहून जुनी ओळख आहे. गावातल्या या दोन कामांची गाठ या खोलीत पडावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आम्हाला मोठ्या भोपळ्याचा, पुरुषी पट्टीचा एक तानपुरा हवा आहे. तो काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावायचा: पहिली तार मंद्र पंचम (खालचा ‘प’), मधली जोडी षड्ज (‘सा’), शेवटची खर्ज (त्याहून खालचा ‘सा’). खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. या पट्टीचा पंचम काळी चारवर येतो. बहुतेक स्त्रियांना तिथे ओठ मिटून गुणगुणणे सोपे जाते. खालच्या षड्जावर गुणगुणायला लावले तर घसा दाबला जातो. तानपुऱ्याबरोबर 8 ते 10 इंच व्यासाच्या, हाताने ठोकलेल्या काशाच्या तीन वाट्या लागतील. त्या तानपुऱ्याशेजारी वाजवून निवडायच्या, कारण दोन सुरांच्या मधोमध बोलणारी वाटी नुसती खटकत राहते. पितळेची वाटी दिसायला सारखीच असते, पण तिचा नाद लवकर विरतो. म्हणून वाटी देणार असाल तर आधी दाखवा.

आमच्या अंदाजपत्रकात वाद्यांच्या खालोखाल खर्च खोलीवर आहे. टाइल्स आणि उघड्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवली तर ती घुमते. अशा खोलीत तानपुरा छेडला की सूर एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ होतो. त्यासाठी भिंतींवर खनिज लोकरीचे, पुसता येईल अशा कापडाने मढवलेले 2 बाय 4 फुटांचे 10 फलक लावायचे आहेत. स्वस्तातला स्पंज नको, कारण आग लागली तर त्याचा धूर विषारी असतो. हे फलक घुमणे कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. तो दाराच्या फटीतून येतो, म्हणून चौकटीला रबरी पट्टी, दाराच्या तळाला ब्रश आणि आत जाड पडदा. या कामाचा खर्च 34,500 रुपये आहे.

गाद्या रेक्झिनच्याच हव्यात. वॉर्डातून थेट आलेल्या गणवेशाखाली कापडी गादी ठेवणे संसर्गाच्या दृष्टीने चूक आहे. आठ गाद्यांचे 19,200 आणि पाय वर घेण्यासाठी आठ स्टुलांचे 5,200. तानपुरा टणक पेटीसह 38,000, वाट्या 21,000. तारा आणि वर्षातून दोनदा जवारी काढून घेणे (तारा टेकतात ती घोडी घासून नीट करणे) यासाठी 6,000. एकूण 1,23,900 रुपये. जवारीची रक्कम कुणी वगळू नये. घोडीवर तारांचे खाचे पडले की तानपुरा फसफसू लागतो, मग कुणी तो उचलत नाही आणि पेटीत पडून राहतो.

एका वेळी आठ जणींपेक्षा जास्त नाहीत, आणि एकाच वॉर्डातल्या दोघी कधीच एकत्र नाहीत. हात धुऊन आत यायचे, फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा. ‘मला बोलावले तर?’ ही धास्ती असेल तर विसावा मिळतच नाही, म्हणून बाहेर एक स्वयंसेवक बसेल आणि परिसेविकांचा निरोप आला तरच दार वाजवेल. पहिली दोन मिनिटे पाय स्टुलावर. मग पाच मिनिटे भ्रामरी: चार मात्रांत श्वास आत, आठ मात्रांत गुणगुणत बाहेर. श्वास पुरला नाही तर सहा मात्रा चालतात, ओढाताण करायची नाही. आठ मिनिटे तानपुरा, अधूनमधून वाटीचा एकेक मऊ ठोका, आधीचा नाद पूर्ण विरल्यावरच पुढचा. दोन मिनिटे काहीच नाही. शेवटची तीन मिनिटे हातपाय हलवून, पाणी पिऊन उठायचे.

रात्रपाळी संपवून येणाऱ्यांसाठी वेगळी पद्धत ठेवली आहे. आडवे होऊन नाद ऐकला की झोप अनावर होते आणि पुढे दुचाकीवर घरी जायचे असते. त्यांनी बसूनच ऐकायचे, दहाच मिनिटे, नंतर चहा, आणि पेंग असेल तर गाडी चालवायची नाही. रिक्षाचे भाडे समिती देईल. वाटी कुणाच्या अंगावर ठेवायची नाही, निदान चार फुटांवर ठेवायची. आवाजाने फिट येण्याचा किंवा अर्धशिशी उठण्याचा त्रास असेल, कानात सतत आवाज येत असेल, तर आधी सांगावे. उदबत्ती आणि सुगंधी तेल खोलीत चालणार नाही. कुणी रडली तर कारण विचारायचे नाही. तिला हवे असल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक दारामागे लिहिलेला असेल.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. पावसाळ्यात तानपुरा रोज उतरतो, तो लावून देणारे हात हवेत. गाणे शिकणारे विद्यार्थी, निवृत्त संगीत शिक्षक, भजनी मंडळातली मंडळी, ज्यांचा कान तयार आहे अशा कुणीही आठवड्यातला एक तास द्यावा. सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8 या पाळीबदलाच्या आसपासच्या वेळा भरायच्या आहेत. वाजवणाऱ्याने गायचे नाही, प्रवचन द्यायचे नाही. शिंपी बंधूंनी पडदे शिवून द्यावेत, सुतारांनी फलकांच्या चौकटी कराव्यात. लाकूड आम्ही आणू.

रोख देणगी 2,000 रुपयांपर्यंत घेऊ, त्यापुढे धनादेश. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला कक्षाच्या दारावर लावला जाईल. वापरलेला तानपुरा द्यायचा असेल तर भोपळ्याला चीर नाही ना, हे प्रकाशात धरून पाहावे. खुंट्या सैल असतील तर हरकत नाही, त्या आमचे कारागीर बसवून देतील. वाट्या हायपोक्लोराइटने (रुग्णालयातल्या जंतुनाशक ब्लीचने) पुसू नका, कासे काळे पडते. साबणाचे ओले फडके पुरे. जुन्या गाद्या, उशा आणि फोम मात्र कृपया पाठवू नयेत.

आपले नम्र,
कक्ष उभारणी समिती, मिरज