ज्ञानकोशातल्या ताई, माझं नाव राहू दिलंत त्याबद्दल

ताई नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. ज्ञानकोशावरचं सदस्यनाव माहितीय पण ते इथे टाकत नाही, तुम्हाला चालेल न चालेल. बरेच दिवस मी तुम्हाला सर सर म्हणत होतो, मग एकदा लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या पानावर, तुम्ही "शाळा सुटली की बघते" असं लिहिलंत आणि त्या "बघते"वरून मला कळलं की सर नाहीत, ताई आहेत. तुम्ही सुधारलं पण नाहीत मला, तेव्हाच समजायला हवं होतं कसलं माणूस आहे ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी बारमन आहे, अकरा वर्षं झाली बारमागे उभा आहे. घर आमचं निफाडकडचं, द्राक्षाचं. बारच्या सगळ्यात वरच्या फळीवर लुई तेराव्याची एक बाटली आहे, म्हणजे रेमी मार्तँ कंपनीचं ते सगळ्यात भारी कॉन्यॅक (फ्रान्समधल्या कॉन्यॅक भागातली द्राक्षाची ब्रँडी), क्रिस्टलच्या बाटलीतलं. गिऱ्हाईक तिच्याकडे बघून हमखास विचारतं की एवढं काय आहे त्यात, आणि मराठीत दाखवायला मोबाईलवर धड काही सापडायचं नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहू. रात्री दीड वाजता ग्लास पुसून झाले की बसायचो, चार रात्री खपून लेख लिहिला आणि कुणीही लिहू शकतं त्या ऑनलाइन ज्ञानकोशावर टाकला.

चहा गार व्हायच्या आत उडवला. वर शेरा काय, तर "जाहिरात". मी विचारायला गेलो तर उत्तर आलं, कंपनी किती देते महिन्याला? अहो कंपनीला मी जिवंत आहे हे पण माहीत नाही! आता माझंही चुकलं होतं, कबूल, "अप्रतिम", "राजेशाही", "स्वर्गीय" असलं काय काय घुसडलं होतं, बारमध्ये बोलतो तसंच लिहिलं. पण मग तसं सांगा ना. नंतर कॉन्यॅकच्या लेखात एक्सओसाठी, म्हणजे जास्त मुरवलेल्या कॉन्यॅकच्या प्रतीसाठी, किमान 6 वर्षं लिहिलं होतं ते मी 10 केलं, 2018 पासून नियमच तो आहे, मिश्रणातली सगळ्यात कोवळी दारूसुद्धा 10 वर्षं लाकडात असायला लागते, तर ते तीनदा परत 6 केलं गेलं, एका शब्दाने न विचारता. आणि त्याच लेखात कॉन्यॅक शॅम्पेनपासून बनतं असं ठोकून दिलेलं वाक्य मात्र कुणाला दिसलं नाही, ते आपलं निवांत बसलेलं. ग्रांद शॅम्पेन हे कॉन्यॅक गावालगतच्या चुनखडीच्या पट्ट्याचं नाव आहे, फेसाच्या वाइनचा तिथे काही संबंध नाही. जिव्हारी लागलं, खोटं कशाला बोलू. सोडून दिलं होतं मी.

मग तुम्ही आलात. काय काय केलंत ते सगळं नाही लिहीत, लोक कंटाळतील. पण तुमचा तो पहिला प्रश्न अजून डोक्यात आहे. मी लिहिलं होतं की बाटलीचा आकार ज्या जुन्या सुरईवरून घेतला ती 1569 च्या जार्नाकच्या लढाईच्या मैदानात सापडली. तुम्ही विचारलंत, "हे कुणी सांगितलंय? कंपनीने असेल तर कंपनी सांगते असं लिहा, वाक्य काढू नका." बास. मला कुणी हे दोन शब्द आधी सांगितले असते तर चार महिने वाचले असते. मग 1200 पर्यंत वेगवेगळ्या जुन्या दारवा मिसळतात त्याला पण "कंपनी सांगते" लावलं, कंपनी सुरू झाल्याचं 1724 आणि लुई तेरावाचं 1874 ही सालं नीट मांडली, आणि लेख कसा वजनदार वाटायला लागला एकदम. विशेषणं गेली तरी बाटली तेवढीच भारी राहिली की!

नावांचं पण तुम्हीच बघितलंत. मी कॉग्नॅक लिहायचो, मेनूवर तसंच छापलंय आमच्या. तुम्ही फ्रेंच येणाऱ्या कुणालातरी विचारून आलात आणि म्हणालात ग चा उच्चारच होत नाही.

आणि पिंपांच्या गोदामावरचं माझं वाक्य. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के दारू उडून जाते, तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि ती वाफ खाऊन एक बुरशी वाढते त्यामुळे गोदामांच्या भिंती, कौलं काजळी धरल्यासारखी काळी पडतात. "काजळी धरल्यासारखी" हे माझे शब्द होते, चुलीवरच्या आमच्या आजीच्या पातेल्यावरून सुचलेले. मला वाटलं हे तर नक्की उडणार. तुम्ही ठेवलेत.

पण खरं सांगायचं ते हे नाही. लेख तयार झाल्यावर तुम्ही तो तुमच्या नावाने नवीन म्हणून टाकू शकला असता, निम्म्याहून जास्त मेहनत तुमची, कुणी काही म्हणालं नसतं. तुम्ही काय केलंत, तर माझा तो उडवलेला लेख आधी परत आणायला लावलात आणि त्याच्यावर काम चढवलंत. परवा रात्री मी सहज लेखाच्या "इतिहास" वर, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्या यादीवर, बोट दाबलं, खाली खाली सरकत गेलो, आणि सगळ्यात तळाला पहिल्या ओळीत माझं नाव. त्या चार रात्रींतल्या पहिल्या रात्रीची वेळ, 1:47. हातातला पंचा तसाच राहिला. पोरं शटर ओढत होती, मला हाक मारत होती, मी आपला त्या ओळीकडे बघत उभा.

पहिल्या नोकरीत माझ्या हातून वाइन ग्लासचा अख्खा ट्रे पडला होता, तेव्हा आमचे जुने कॅप्टन काही बोलले नाहीत, मॅनेजर यायच्या आत झाडू आणून हातात दिला आणि स्वतः सुपली धरून बसले. तुमचं तसंच झालं बघा. अशी माणसं ओरडत नाहीत म्हणून लक्षात येत नाहीत, आणि शेरे मारणारे मात्र सगळीकडे दिसतात, कारण त्यांना दुसरं काम नसतं.

लेख वडिलांना वाचून दाखवला. दारूचं त्यांना वावडं आहे पण द्राक्ष म्हटलं की कान टवकारतात. 1870 नंतर फायलोक्सेरा किडीने कॉन्यॅककडच्या बागा मुळापासून खाल्ल्या आणि मग अमेरिकन खुंटांवर कलमं करून परत उभ्या केल्या, हा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आपल्याकडे डॉगरिज खुंट लावतो ते खारट पाण्याला आणि दुष्काळाला टिकावं म्हणून, त्यांनी किडीसाठी लावलं, खुंट मात्र दोघांचा अमेरिकेचाच, असं म्हणून बराच वेळ मान हलवत बसले. मग विचारलं, हे तू लिहिलंस? मी म्हटलं मी आणि एका बाईंनी.

थँक्यू ताई. सोमवारी माझी सुट्टी असते, मार्तेल या दुसऱ्या कॉन्यॅक कंपनीचं पान उघडून ठेवलंय, 1715 चं घराणं आणि लेख दोन ओळींचा, त्यातली एक "जगप्रसिद्ध" ने सुरू होते. ती आधी काढतो. बाकीचं शाळा सुटली की बघा.